पाण्याची खबर

जोमाचं उजवं अंग लुळं पडल्यापासून पोशी खाडीवर एकटीच जायची. तो ओटीवर बसून जागा सांगायचा, ती तिथं जाळं टाकायची. त्या सकाळी तो म्हणाला, "पुलाखाली टाक. जिताडा तिथंच येतो."

पुलाखाली पोशीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, तर ते गोडं लागलं. वरच्या धरणाचं पाणी सोडल्यानं नदी गढूळ झाली होती. जिताडा खाऱ्या पाण्यामागं खाली गेला असणार. नवऱ्याचा शब्द मोडावा लागणार म्हणून ती जराशी घुटमळली, मग तिनं होडी खाडीच्या मुखाकडं वळवली.

दुपारी तिनं हातभर जिताडा त्याच्यापुढं ठेवला. "तुम्ही सांगितलं तिथंच घावला."

जोमानं डाव्या हातानं जाळं चाचपलं. "पुलाखाली वाळू हाय. हा काळा चिखल मुखाकडचा."

पोशी मान खाली घालून विळी शोधू लागली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मी घरात बसून जुनंच पाणी सांगतो. उद्या जागा तू ठरव. परत आलीस की मला सांग, नदी कशी हाय ती."

पोशीनं विळी मांडली आणि मुखाशी पाणी कसं होतं, ते सांगायला बसली.