हाताची शिकवणी

"आणखी दोन मिनिटं, काका! दम लागला की मेंदू ओल्या मातीसारखा होतो. मग हाताला जे शिकवाल ते पक्कं ठसतं," फिजिओथेरपीवाली मुलगी रोजच्यासारखी म्हणाली. अर्धांगाने उजवा हात लुळा पडलेले रावसाहेब व्यायामाच्या सायकलवर घाम गाळत होते.

कुमुदने पहिल्याच दिवशी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. चाळीस वर्षं नवऱ्याच्या त्या हाताला एकच गोष्ट येत होती. आता सायकल झाली की ती त्याला मटार सोलायला देई, कणीक मळायला लावी, मांजराच्या पाठीवरून हळुवार फिरवून घेई. दोन महिन्यांत बोटं हलू लागली. परवा तर मांजर त्या हाताखाली चक्क झोपलं.

आज सायकलवरून उतरून ते खुर्चीत बसले. पेला देताना तिच्या हातून थोडं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं.

लुळा हात सर्रकन वर गेला. थेट खांद्याच्या वर, तळवा उघडा.

"काकू, बघा, बघा! काय सुरेख उचलला!" मुलीने टाळ्या पिटल्या.

कुमुदचे हात मात्र केव्हाच तोंडावर आडवे गेले होते. ते हातही काही विसरले नव्हते.