दोघींपैकी कुणीही

भुजंगरावांनी बँकेच्या टेबलावरच तपकिरीची डबी उघडली, चिमूटभर नाकात कोंबली आणि म्हणाले, "माझं नाव घाला. पोर आणि मी. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक पैसा हलता कामा नये."

गिरिजाबाईंनी तोंड वाकडं केलं. तपकिरीचे कण काचेवर सांडले होते आणि भावजी ते तळहातानं पुसून तोच हात पँटीला घासत होते. नवरा गेल्यापासून हा धाकटा दीर घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसत आला होता. आणि ते नाक हे असं!

यशस्विनी, त्यांची मुलगी, पुढच्या शिक्षणाला डब्लिनला निघाली होती. नोकरी करून स्वतः साठवलेल्या पैशांतून तिनं पहिली फी भरली होती. बाकीची रक्कम इथेच ठेवायची आणि लागेल तशी मागवायची, असं ठरलं होतं. त्यासाठी तिघं बँकेच्या हिनकलच्या शाखेत येऊन बसली होती. खात्यावर तिच्या जोडीला इथलं कोणीतरी हवं होतं. कोण, एवढंच ठरायचं होतं.

"सर, दोघांच्या सह्या म्हटलं की मोबाइलवरून काही होणार नाही," टेबलापलीकडची रम्या कन्नडमधून समजावू लागली. "प्रत्येक वेळी हिच्या सहीचा कागद तिकडून यावा लागेल. त्यापेक्षा दोघांपैकी कुणाही एकाची सही चालेल असं खातं घ्या. बहुतेक जण तेच घेतात. ही तिकडे गेली की खात्याचा प्रकार बदलावा लागतो, तो मागाहून बदलून देऊ."

"बेडा, बेडा," भुजंगराव हात हलवत म्हणाले. "नको. उशीर होऊ दे. अडचण झालेली बरी."

"कुणाला बरी, काका?" यशस्विनीनं विचारलं.

पाणावलेल्या पिवळट डोळ्यांनी ते गिरिजाबाईंकडे बघत राहिले. गिरिजाबाईंनी मान वळवली. त्या नजरेनं अंगावर पाल चढल्यासारखं व्हायचं.

एवढ्यात गिरिजाबाईंचा फोन वाजला.

"हां, बँकेतच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "होईल. सुम्ने, गप्प बस तू जरा. ठेवते."

"गगन का?" भुजंगरावांनी पुतण्याचं नाव घेत विचारलं.

"घरी कधी येता म्हणून विचारतोय. लेकरू एकटं आहे."

"मिशा आलेलं लेकरू," भुजंगराव म्हणाले आणि रुमालात फर्रकन नाक शिंकरलं. रुमाल उघडून बघितला, पुन्हा घडी घातली. यशस्विनीनं खुर्ची मागे सरकवली.

"वहिनी, बरं, माझं नाव राहू दे," ते अचानक म्हणाले. "तुमचंच घाला. पण सह्या दोन्ही. तिची आणि तुमची. हे तरी चालेल ना?"

गिरिजाबाईंचा चेहरा उतरला. पदराचं टोक ओठांशी गेलं.

"म्हणजे मी चोर, होय भावजी? पोटच्या पोरीचे पैसे खाईन?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

भुजंगराव काहीतरी बोलणार होते. त्यांनी पुतणीकडे पाहिलं आणि ओठ मिटले. मानेवरून घाम ओघळत होता, कॉलरची कड काळी पडली होती. असल्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं गिरिजाबाईंच्या मनात आलं.

"काका, पुरे झालं." यशस्विनीचा आवाज चढला तशी शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. "पैसे माझे आहेत. माझ्या अम्मावर संशय घ्यायला तुम्ही कोण? आधी तुमचं नाव पुढे केलंत, ते जमलं नाही म्हणून आता हे? किळस येते मला."

गिरिजाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे गं. मोठे आहेत ते. माझं नावच नको घालू, म्हणजे वादच मिटला."

"तुझंच घालणार." यशस्विनी रम्याकडे वळली. "दोघींपैकी कुणीही. मी आणि अम्मा."

"आयतु," भुजंगराव उठत म्हणाले. "झालं मग." त्यांनी पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. यशस्विनी ताठ बसून राहिली. ते पाय ओढत दाराबाहेर गेले तेव्हा गिरिजाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "घरी गेल्यावर डोक्यावरून न्हाऊन घे हो."

यशस्विनी निघाली त्या दिवशी विमानतळाच्या बसपाशी भुजंगराव हजर होते. खिशातून चुरगळलेली कागदाची पुडी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. आत तिच्या आवडीच्या कोब्बरी मिठाईचा, खोबऱ्याच्या वडीचा, तुकडा होता, तपकिरीच्या वासाचा. तिनं पुडी आईच्या हातात दिली आणि आईच्या गळ्यात पडून खूप रडली. बस वळणाआड गेल्यावर गिरिजाबाईंनी पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बोटं पदराला पुसली. भुजंगराव बघत होते.

मग डब्लिनहून फोन आला. "अम्मा, पोचले गं. खोली छोटी आहे, पण छान आहे. इथल्या खात्याचा नंबर मिळाला की कळवते, फी पाठव. तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

"जेवलीस का?" गिरिजाबाईंनी विचारलं. "थंडी असेल तिथे. कान बांधून हिंड."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगली साडी नेसली, केसांत मल्लिगेचा गजरा माळला आणि त्या हिनकलच्या शाखेत गेल्या. रम्यानं त्यांना लांबूनच ओळखलं.

"या अम्मा, बसा. मुलगी पोचली का? फी पाठवायची ना?"

"पोचली हो, सुखरूप," गिरिजाबाई हसून म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"सगळे पैसे माझ्या मुलाच्या, गगनच्या खात्यात घाला. आणि एक सांगा, मुलीच्या मोबाइलवर मेसेज जातो का हो?"