कोपरावरचं ठिगळ

आमच्या धंद्यात सुई बारीक आणि तोंड बंद लागतं. त्यामुळे बायकोचा निळा स्वेटर फ्रेम करायला घेऊन आलेल्या त्या गृहस्थांना मी काही विचारलं नाही. "तिची एवढीच आठवण उरली," असं म्हणत त्यांनी कोपरावरचं लाल ठिगळ दाखवलं. "तिनंच लावलंय. रविवारपर्यंत द्या, लोक भेटायला येतील."

गेलेल्या माणसाचा कपडा मी धूत नाही. अंगाचा वास, कोपराचा बाक, सगळं तसंच राहू देते. अगदी मन लावून, बारीक टाके घालत मी स्वेटर पाठीमागच्या कापडावर शिवला. लोकरीला काच टेकू नये म्हणून कडेनं पट्ट्याही बसवल्या.

शुक्रवारी एक बाई दुकानात शिरल्या आणि फ्रेमकडे बघून हसतच सुटल्या.

"अहो, हा माझा स्वेटर! ठिगळ बघा ना, मीच लावलंय. शोधून शोधून घर पालथं घातलं मी. आमच्या ह्यांचे उद्योग, दुसरं काय!"

मी एकदा ठिगळाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"लगेच उसवून द्याल का? उद्या पहाटे हे मला कड्यावर सूर्योदय बघायला नेतायत, आम्ही दोघंच. अगदी टोकाला म्हणे फार वारा असतो."