तळमजल्याची नोटीस

नदीला पूर आला की शिंप्याच्या खोलीत गुडघाभर पाणी भरायचं. वरच्या मजल्यावर त्याचा धाकटा भाऊ आणि भावजय राहायची. "दादा, वर या राहायला," असं दोघं दरवर्षी विनवायची. "मला कोणाच्या संसारात लुडबुड करायची नाही," असं म्हणून तो शिलाई मशीन टेबलावर चढवायचा आणि तिथंच पाय वर घेऊन बसून राहायचा.

एके दिवशी नगरपालिकेची नोटीस आली. पूररेषेच्या आतल्या घरांत तळमजल्यावर राहायला मनाई आहे, खोली रिकामी करावी. शिंपी तणतणत कार्यालयात गेला.

"इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. आताच कोणाच्या पोटात दुखलं?"

अभियंत्याने फाइलमधला अर्ज काढून त्याच्यापुढे सरकवला. अक्षर भावजयीचं होतं. शिंप्याचा चेहरा पडला. आपण तिलाही डोईजड झालो? मग त्याने चष्मा लावला आणि अर्ज वाचला.

"साहेब, वरची उजेडाची खोली आम्ही दोन वर्षांपासून रिकामी ठेवली आहे. थोरले दीर आमचं ऐकत नाहीत, पण सरकारी कागदाबाहेर कधी जात नाहीत. तरी कृपया त्यांना नोटीस द्यावी."