पुलावरचा पाठमोरा माणूस

प्रदर्शनाच्या चौथ्या दिवशीही ती बाई आली आणि थेट त्याच फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

बाकीच्या सव्वीस फोटोंकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. अंगावर राखाडी शाल, हातात कापडी पिशवी, वय पंचेचाळिशीच्या आसपास. पाय दुखायला लागले की ती खुर्ची भिंतीला टेकवून बसायची, दाराकडे तोंड करून, आणि तिथूनच मान वळवून फोटो बघत राहायची.

टेबलामागून धुकेताई तिला न्याहाळत होती. हे नाव तिला धाकट्या भावाने ठेवलं होतं. गेली वीस वर्षं ती फक्त धुक्याचे फोटो काढत आली होती. धुक्यातली झाडं, धुक्यातले दिवे, नदीवर उतरून तिथेच पेंगुळलेलं धुकं. "तुझ्या फोटोत काही दिसतच नाही," भाऊ म्हणायचा, "मग कॅमेऱ्याचं झाकण काढायची तसदी तरी कशाला घेतेस?" तरी दर प्रदर्शनाला शिडीवर चढून खिळे तोच ठोकायचा आणि तिने स्वतः काढलेल्या पुस्तकांचे गठ्ठेही तोच वाहून आणायचा.

या वेळच्या पुस्तकाच्या दोनशे प्रती होत्या. प्रत्येक प्रत तिने जेवणाच्या टेबलावर बसून सुईदोऱ्याने शिवली होती. अख्ख्या पुस्तकात माणूस एकच, त्या बाईसमोरच्या फोटोतला. लोखंडी पुलाच्या मधोमध, पाठमोरा, दोन्ही हात मागे बांधलेले, डावा खांदा किंचित उतरलेला. गुडघ्यांखाली तो दिसतच नव्हता. जमिनीला न टेकता तरंगत चालल्यासारखा वाटायचा.

धुकेताईने दोन कप चहा ओतला आणि एक त्या बाईच्या हातात दिला.

"आवडला का हो फोटो?"

"कधी काढलात?"

"मागच्या महिन्यात. पहाटे."

"मागच्या महिन्यात," बाई पुटपुटली. तिने कप खाली ठेवला. "इथलाच आहे? याच शहरातला?"

"हो, जुन्या पुलावरचा. ओळखीचं आहे का कुणी?"

बाई म्हणाली, "माझे मिस्टर. बारा वर्षं झाली त्यांना पाहून. पण ही पाठ मी कुठेही ओळखेन."

धुकेताई पुढे झुकली. "बारा वर्षं? म्हणजे, काही पत्ताच नाही?"

"एका सकाळी घराचं दार लागलं, ते लागलंच. नंतर भेट नाही." बाईने शाल गळ्याशी घट्ट ओढली. "लेक सहा वर्षांची होती. आता कॉलेजात जाते. तिला अजून काही बोलले नाही. आधी खात्री करायची आहे."

"बरोबर आहे. उगाच आशा लावून काय उपयोग?"

बाईने विचारलं, "त्यांनी तुम्हाला पाहिलं का?"

"छे हो! आपल्याच तंद्रीत होते. मी तीन-चार वेळा पाहिलंय त्यांना. उजाडता उजाडता येतात, पलीकडे जातात, अर्ध्या तासाने परत येतात."

"एकटेच?"

"एकटेच. कुणाची तरी वाट बघितल्यासारखे मधेच थांबतात."

हे सांगताना धुकेताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. वीस वर्षं लोक येत होते, 'किती शांत वाटतं' म्हणत होते आणि घरी जाऊन विसरत होते. तिच्या फोटोने कुणाचं काही भलं झालं, असं कधीच घडलं नव्हतं.

तिने पुस्तकाची एक प्रत उचलून बाईपुढे धरली. "ही ठेवा. माझ्याकडून."

बाईने नेमकं ते पान उघडलं, क्षणभर पाहिलं आणि पुस्तक मिटून परत दिलं. "घरी नको. लेकीच्या हाती पडेल." मग हळूच विचारलं, "उद्या पहाटे याल माझ्याबरोबर? एकटीने जायचा धीर होत नाही."

संध्याकाळी दालन बंद करताना धुकेताईने भावाला सगळं सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. कुलूप लावून म्हणाला, "ताई, तुझ्या फोटोत शेवटी काहीतरी दिसलं म्हणायचं."

पहाटे पुलाखाली नदी नव्हतीच. नुसतं धुकं वाहत होतं. कठडे काही पावलांवर विरून जात होते आणि वरचे दिवे फुंकर मारून कुणी हवेत सोडल्यासारखे तरंगत होते. दोघी पुलाच्या खांबाआड उभ्या होत्या. धुकेताईने कॅमेरा पिशवीतून काढलाच नव्हता. आजचा क्षण टिपायचा नव्हता, नुसता बघायचा होता. तो वळेल, थबकेल, आधी त्याला खरंच वाटणार नाही. मग बारा वर्षं या धुक्यासारखीच उडून जातील. तिचे डोळे आत्ताच पाणावले होते.

लोखंडी पत्र्यावर पावलं वाजली.

धुक्यातून तो आला, त्यांच्या समोरून गेला. हात मागे, डावा खांदा उतरलेला.

"तेच का?" धुकेताई कुजबुजली.

"तेच."

"मग चला ना!"

बाई हलली नाही. तिची बोटं धुकेताईच्या दंडात रुतली होती. बिचारीच्या पायातलं बळच गेलंय, धुकेताईला वाटलं. तिकडे तो माणूस पांढरा होत चालला होता. आणखी दहा पावलं, आणि तो दिसेनासा झाला असता. धुकेताईला राहवेना. तिने "अहो, थांबा" म्हणायला तोंड उघडलं.

एक गार तळहात तिच्या तोंडावर घट्ट बसला.

"हाक मारू नका," बाई तिच्या कानाशी म्हणाली. "बारा वर्षं आम्ही मायलेकी याच माणसापासून लपत फिरतोय."