हजेरीबाई

यंत्राने चक्क नाही म्हटलं. सिस्टिमवाल्याने कमांड पुन्हा टाइप केली. पुन्हा तेच उत्तर: खातं काढून टाकता येत नाही, ही व्यक्ती सध्या आत आहे.

आदल्या संध्याकाळी ऑफिसने निम्मी माणसं कमी केली होती. गेलेल्यांची जुनी-नवी सगळी खाती जेवणाच्या सुट्टीआधी काढून टाक, असा साहेबांचा हुकूम. सदतीस नावं काढून झाली होती, डोळे चुरचुरत होते, आणि घोडं अडलं कुठे, तर चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या हजेरीबाईंपाशी. तीस वर्षं हजेरीपुस्तक सांभाळलं म्हणून हे नाव.

त्याने जुन्या नोंदी उघडल्या. बाई रोज नऊच्या ठोक्याला घरून लॉगिन करत होत्या. आत्ता कोण कोण आत आहे ते दाखवणारी ‘हू’ ही एकच कमांड द्यायच्या आणि बाहेर पडायच्या. आज मात्र अकरा वाजले तरी आतच होत्या. त्याने फोन लावला.

“अरे, आज निम्मीच नावं दिसतायत,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, बाकीचे येईपर्यंत थांबावं.”

“ते नाही येणार आता, बाई.”

त्याने यादीतल्या त्यांच्या नावावर बोट ठेवलं.

“तुमचंही खातं बंद करायला सांगितलंय. तुम्ही आत असलात की काढता येत नाही.”

“अस्सं. दिवसभर भिंतींशी बोलते रे मी. सकाळी तेवढी नावं दिसायची.” मग त्या सावरल्या. “निघते. तू वेळेवर जेवून घे.”

पडद्यावरून त्यांचं नाव गेलं. त्याने कमांड दिली. काम झालं की हे यंत्र काही बोलत नाही, तसं आताही बोललं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण यादी संपली होती.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता नोंदींत एक ओळ उमटली. बाईंचं नाव, आणि पुढे: असा युजर इथे नाही. विसरल्या असतील, त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशीही तीच ओळ, तीच वेळ.

चौथ्या दिवशी तो पाच मिनिटं आधीच आला. खांद्यावरची बॅगही न उतरवता नोंदी उघडून उभा राहिला. नऊ वाजले. ओळ उमटली.

“आल्या,” तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला.