फाटकापर्यंत

मुलीनं इथेनॉल बनवायच्या तीन पद्धतींची तुलना केली होती: उसाच्या मळीपासून, मक्यापासून आणि भुशापासून. कुठली किती धूर ओकते, किती पाणी पिते, सगळं एका तक्त्यात. मळीची पद्धत सगळ्यांत स्वच्छ ठरली होती.

मळीपासूनच इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांनी चष्मा पुसून तक्ता दोनदा वाचला.

"यात कारखान्यालगतची आपली विहीर कुठं दिसत नाही गं."

"बाबा, मोजमाप कारखान्याच्या फाटकापर्यंतच असतं. पलीकडचं धरत नाहीत."

"हो का?" त्यांनी कागद हळूच परत दिला. "मीही तुझ्या आईला असंच सांगायचो. सांडपाणी फाटकाबाहेर येत नाही, विहिरीचं पाणी बिनघोर पी. माझ्या शब्दावर प्यायली बिचारी, शेवटपर्यंत."